मागचं गेट कुठल्या रकान्यात

मुंबईच्या साऱ्या उपनगरांत नागरिकशास्त्र हा विषय खरा मानणारा एकच माणूस होऊन गेला, आणि तो दिंडोशीच्या उतारावर, आमच्या वसाहतीत, सहा नंबरच्या बिल्डिंगमध्ये राहत होता. बाकी आपण सगळ्यांनी तो विषय परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी वाचला आणि पेपर दिल्यावर सोडून दिला. इतिहासाच्या पुस्तकाच्या मागे चिकटवलेला, थोड्याशा मार्कांचा, शिक्षक रजेवर गेला तर पीटीच्या सरांनीही घ्यावा असा तो विषय. सहा नंबरच्या सरांनी मालाडच्या एका मराठी शाळेत तो उभं आयुष्य शिकवला, आणि निवृत्तीनंतर समोर वर्ग उरला नाही म्हणून आम्हा वसाहतवाल्यांनाच बाकावर बसवलं. मी दोन नंबरमध्ये राहतो. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, अक्षर बरं आहे, एवढ्या भांडवलावर मला वसाहतीच्या संघाचा सेक्रेटरी करण्यात आलं होतं. त्यामुळे सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर कायम मी असायचो.

त्यांचा एक प्रश्न होता. तो ते ज्याला त्याला विचारत: "हे कुणी ठरवलं?" बसचा थांबा पन्नास पावलं पुढे सरकला, हे कुणी ठरवलं? बागेतली बाकं भिंतीकडे तोंड करून ठेवली, हे कुणी ठरवलं? आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरांनी एकदा त्यांना सांगितलं, "सर, आजपासून साखर बंद." सरांनी तोच प्रश्न केला. डॉक्टर वैतागून म्हणाले, "मी ठरवलं. अजून कोण ठरवणार?" सरांचा चेहरा एकदम निवळला. "छान. निदान नाव तरी कळलं," म्हणाले, आणि त्या दिवसापासून बिनसाखरेचा चहा प्यायला लागले, एका शब्दाची कुरकूर न करता. मालाडला एका लग्नात पहिली पंगत फक्त मुलाकडच्यांची असं जाहीर झालं. सर केटररकडे गेले, त्याने मॅनेजरकडे बोट दाखवलं, मॅनेजरने मुलीच्या वडिलांकडे, वडिलांनी मुलाच्या काकांकडे. असं करत करत ते कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या मुलाच्या आजीपर्यंत पोचले. आजी म्हणाली, "मीच ठरवलं. मग?" सरांनी तिला वाकून नमस्कार केला आणि समाधानाने परत आले. तोपर्यंत जिलेबी संपली होती. लोक त्यांना भांडखोर म्हणत, पण त्यांना भांडायचं नसे. त्यांना माणूस भेटायला हवा असे. एकदा माणूस भेटला की ते त्याचं निमूटपणे ऐकत.

मतदान म्हणजे तर त्यांच्या लेखी सोवळ्यातलं काम. आमच्या सभांमध्ये हात वर करण्याची एक खास पद्धत आहे: कोपर मांडीवर, बोटं कानाजवळ, म्हणजे कुणी बघितलं तर मत आणि नाही बघितलं तर डोकं खाजवत होतो. सरांना हे मुळीच खपत नसे. त्यांचा हात सरळ वर जाई, दंड कानाला टेकलेला, आणि मी आकडा लिहून होईपर्यंत तो खाली येत नसे. "वाकलेला हात अर्धा मोजा, सेक्रेटरी," ते मला ओरडून सांगत. एकदा मी खरंच साडेपाच विरुद्ध दोन असं लिहिलं. ते इतके खूश झाले की घरी नेऊन मला घावन खायला घातलं.

घावन अर्थातच काकू करत. त्या मालवणकडच्या, बुटक्या, ठसठशीत, आणि सरांच्या सगळ्या राज्यशास्त्राला एकट्या पुरून उरलेल्या. मूलबाळ नव्हतं. सर सांगत, "आमच्या घरात मतदार दोनच. त्यामुळे बहुमत म्हणून कधी होत नाही. सगळं एकमताने होतं, म्हणजे हिच्या." काकू आतून ओरडत, "काय ता तुमचा मत-बित! निवता हा, आधी खावन घेवा." मग सर माझ्याकडे बघून डोळे मिचकावत आणि मुकाट्याने खाली मान घालून खात. काकूंना मधूनमधून धाप लागायची. हृदय अशक्त होतं. दोनदा रिक्षात घालून मागच्या गेटने रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात नेलं होतं आणि दोन्ही वेळा चार दिवसांत त्या घरी परतून पुन्हा तव्यापाशी उभ्या होत्या. सहा नंबरची बिल्डिंग वसाहतीच्या पार मागच्या टोकाला. मागच्या गेटने गेलं की हॉस्पिटल दोन मिनिटांवर. पुढच्या गेटने जायचं तर सगळा उतार उतरून, शाळेला आणि बाजाराला वळसा घालून.

आता संघाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे आठ बिल्डिंगा, आठ सोसायट्या, आणि त्यांच्यावर मिळून एक संघ. संघ म्हटला की सगळे सगळ्यात असावेत असं वाटतं. पण आमच्यात प्रत्येक बिल्डिंगने ताटात आवडेल तेवढंच वाढून घेतलं होतं. पाण्याची टाकी पहिल्या पाच बिल्डिंगांची एक, बाकीच्यांच्या आपापल्या. वॉचमन सहा बिल्डिंगांचे सामाईक. पाच नंबरचा स्वतंत्र, आणि सहा नंबरला मुळीच नाही, कारण तिथे दारं दिवसभर उघडी आणि प्रत्येक मजल्यावर कुणीतरी तांदूळ निवडत बसलेलं. बाग काहींची. रस्ता तेवढा आठांचा. सभेत मात्र आठही जण प्रत्येक गोष्टीवर हात वर करायचे. ज्यांच्या नळाला त्या टाकीतला थेंब येत नव्हता ते टाकी धुण्याचा दिवस ठरवायचे. कुणाला जाब विचारला तर उत्तर एकच, "संघाने ठरवलं." सर विचारत, "संघ म्हणजे कोण? कुठल्या मजल्यावर राहतो? बेल कुठली दाबायची?"

या विषयावर त्यांच्याकडे कात्रणांची एक जाडजूड वही होती. ती घेऊन ते इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी उभे राहत. "तिकडे युरोपात काही देशांनी मिळून संघ केलाय. काहींचं नाणं एक, काहींचं आपापलं. काहींनी सीमेवरचे दांडे उचलले, काहींनी ठेवले. मग ज्याने ते नाणं घेतलंच नाही, त्याने त्या नाण्यावर मत द्यावं का? आणि ज्याने घेतलं पण ज्याला कुणी विचारलं नाही, त्याने कुणाच्या दाराशी जावं? मोठमोठे विद्वान तिथे अडलेत. आपण अडलो नाही, कारण आपल्या लक्षातच आलेलं नाही!" इस्त्रीवाला म्हणाला, "सर, शर्टाला कडक करू की साधी?" सर म्हणाले, "ते मी ठरवायचं?" "मग शर्ट कुणाचा आहे?" सर टाळी देत माझ्याकडे वळले. "बघा सेक्रेटरी, याला कळलं!"

शेवटी ऐन लग्नाच्या दिवशी एक नंबरमधल्या एका घरात पाणी नव्हतं, कारण सात आणि आठ नंबरच्या मतांनी टाकी त्याच दिवशी धुवायची ठरली होती. मोठा तमाशा झाला, आणि त्या तमाशात सरांचा नियम मंजूर झाला: जी बिल्डिंग ज्या सोयीत सामील, तिनेच त्या सोयीवर मत द्यावं. सरांचा हात त्या दिवशी किती वेळ वर होता ते मला सांगता येणार नाही. अध्यक्षांनी "सर, झालं, मंजूर झालं" असं दोनदा म्हटल्यावर तो खाली आला. अध्यक्ष तीन नंबरचे. साकीनाक्याला त्यांचा स्क्रू करण्याचा छोटा कारखाना आहे. माणूस मोकळा, उतावळा, मनाने वाईट नाही.

कोणती गोष्ट कोणत्या सोयीत येते याचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. पाणी, रस्ता, सुरक्षा, बाग असे चार रकाने मी पट्टीने आखले. रस्त्याच्या रकान्यात दिवे, गटारं, उतारावरचा कठडा, गतिरोधक, पार्किंगच्या रेघा, दुरुस्ती, पुढचं गेट असं लिहीत लिहीत तळाची रेघ आली. 'मागचं गेट' राहिलं होतं. शेजारचा सुरक्षेचा रकाना अर्धाअधिक मोकळा होता. मी ते तिथे लिहिलं. मनात काहीही नव्हतं. जागा नव्हती, एवढंच. सरांनी तक्ता तपासला. 'दुरुस्ती'तला माझा दीर्घ रू लाल शाईने ऱ्हस्व केला, खाली सही केली, तारीख घातली, आणि स्वतःच्या हाताने नोटीस बोर्डावर टाचण्या टोचल्या. त्या दिवशी काकूंनी येईल त्याला घावन दिलं.

पुढे काही महिन्यांनी वसाहतीत दोन मोटरसायकलींचं पेट्रोल चोरीला गेलं आणि एक सायकल गेली. सुरक्षेत सामील असलेल्या सहा बिल्डिंगांची सभा झाली. मागचं गेट कायमचं बंद करावं, किल्ली पुढच्या गेटवर ठेवावी, असा ठराव दहा मिनिटांत झाला. त्या सहांपैकी कुणीच त्या गेटने जात-येत नव्हतं. ठराव मीच लिहिला. लिहिताना मला सहा नंबर आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दुधाची पिशवी हातात घेऊन माझ्या दारात उभे. "सेक्रेटरी, मागे कुलूप लागलंय. हे कुणी ठरवलं?" मी त्यांना नोटीस बोर्डापाशी नेलं. तेवढ्यात अध्यक्ष स्कूटर काढत होते, तेही आले. "सर, नियम तुमचाच ना? सहा नंबर सुरक्षेत नाही, म्हणजे सहा नंबरला मत नाही. आम्ही तर शंभर टक्के तुमचंच ऐकलं, यार!" त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. खरंच त्यांना वाटत होतं की सरांना बरं वाटेल. सरांनी चष्मा कपाळावर चढवून तक्ता वाचला, मग बोट खाली खाली नेत स्वतःच्या सहीवर ठेवलं. पिशवीतून दुधाचे थेंब चपलेवर पडत होते. "गेट रस्त्याच्या रकान्यात हवं होतं," ते म्हणाले. मग बोट न उचलता, "पण ते इथे आहे. आणि मी सही केली आहे." इथे का लिहिलंत, असं त्यांनी मला विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही.

मी एवढंच म्हणालो, "सर, मी नवा तक्ता लिहून लावतो. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"तेच तर नको," ते म्हणाले. "कुणाच्या लक्षात न येता फार झालं या वसाहतीत." त्यांनी रीतसर अर्ज दिला. सर्वसाधारण सभेला चौदा दिवसांची नोटीस लागते. विषय क्रमांक चार म्हणून मी मागच्या गेटचा विषय घातला. काकू मात्र चिडल्या होत्या. मी अर्जाची पोच द्यायला गेलो तेव्हा त्या सरांना म्हणत होत्या, "त्या कुलपाक दगड घाला नि मोकळे होवा. माका धाप लागात तेव्हा तुमचो ठराव धावत येतलो काय?" सर म्हणाले, "अगं, नियमाने लागलेलं कुलूप आहे. चौदाच दिवस. नियमानेच निघेल." काकूंनी माझ्याकडे बघितलं. "तुमी तरी सांगा ह्यांका, भावोजी." मी पोचेचा कागद टेबलावर ठेवला आणि निघालो. मला वाटलं, चौदा दिवस म्हणजे काय मोठंसं.

नवव्या दिवशी दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, काकूंना धाप लागली. ॲम्ब्युलन्सवाला जवळचा रस्ता म्हणून मागच्या गेटवरच आला. सर जिन्यातून खाली धावले, गेटच्या गजांतून हात बाहेर काढून थांबा थांबा म्हणत राहिले. पुढच्या गेटचा वॉचमन किल्ल्यांचा जुडगा घेऊन सगळा चढ चढत आला, बिचारा धापा टाकत होता, आणि जुडग्यातली किल्ली त्याला सापडेना. तोवर गाडी वळसा घालायला निघाली होती. ती शाळेच्या बसगाड्यांमागे अडकली. काकूंना हॉस्पिटलात पोचवलं तेव्हा डॉक्टरांनी फक्त वेळ लिहून घेतली. नंतर त्यांनी सरांना समजावलं की लवकर आणलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. सर म्हणाले, "ते मी तुम्हाला विचारलं नाही, डॉक्टर. ते तुमच्या हातात नव्हतं."

काकू गेल्यावर तिसऱ्या दिवशी मागचं गेट उघडं होतं. सताड. कुलूपही नाही, कडीही नाही. सभा झाली नव्हती, ठराव झाला नव्हता, नोटीस नव्हती. सर गच्चीवर काकूंची साडी वाळत घालायला गेले होते, तिथून त्यांना ते दिसलं. ते खाली आले, गेटसमोर उभे राहिले, आणि आम्ही पाच-सहा जण जमलो तेव्हा अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे कुणी ठरवलं?"

अध्यक्ष म्हणाले, "सर, आता कशाला ते... आपलं माणुसकी म्हणून उघडलं."

"चांगलं केलं. पण कुणी? एक नाव सांगा हो. मला त्याचे आभार मानायचेत."

मला अजूनही माहीत नाही ते कुलूप कुणी काढलं. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "वरनं सांगितलं." वर म्हणजे कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

चौदाव्या दिवशी सभा झाली. विषय क्रमांक चार आला तेव्हा सर उठले. इस्त्रीचा शर्ट घातला होता, पण बटणं एक घर चुकलेली. ते म्हणाले, "मागचं गेट सहा नंबरला न विचारता बंद झालं. ज्या नियमाने बंद झालं तो नियम मी मांडला होता. ज्या तक्त्याने झालं त्यावर सही माझी आहे. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, रकाने तपासले नाहीत. मी उत्तर द्यायला उभा आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा." आणि ते थांबले. आठ बिल्डिंगांची माणसं होती. पंखे फिरत होते. कुणी मोबाइल बघत होतं, कुणी जमिनीकडे. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते म्हणाले, "सर, बसा ना. कुणाचीच चूक नाही यात."

"असं नका म्हणू," सर म्हणाले. "ती गेली आहे. निदान एकाची तरी असू द्या."

ते आणखी थोडा वेळ उभे राहिले. मग अध्यक्ष हलकेच म्हणाले, "विषय क्रमांक पाच." मी वहीत विषय क्रमांक पाच लिहिलं. माझ्या हातात पेन होतं, मान खाली होती, आणि सेक्रेटरीने सभेत बोलायचं नसतं अशी एक सोयीची समजूत मी त्या वेळी करून घेतली.

आठवडाभराने मात्र मला राहवेना. सकाळीच त्यांच्याकडे गेलो. ते स्वयंपाकघरात उभ्याने चहा पीत होते. मी बसलोही नाही. सांगून टाकलं: रकान्यात जागा नव्हती, म्हणून मी मागचं गेट सुरक्षेत लिहिलं. दुसरं काही कारण नव्हतं. त्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता ते मला बाहेर काढतील, आणि काढावं असंही मला वाटत होतं. त्यांनी शाळेत भेटायला आलेल्या पालकाला द्यावी तशी मला खुर्ची दिली, मान तुकवून, औपचारिकपणे. "बसा," म्हणाले. "म्हणजे आपण दोघं झालो. सभेत मी एकटाच उभा होतो, सेक्रेटरी. फार वाईट वाटतं हो, कुणी विचारलं नाही की." मग म्हणाले, "असं करू. तुम्ही सकाळी येत चला. मी तुम्हाला विचारीन, तुम्ही सांगा. मग तुम्ही मला विचारा."

मी जात राहिलो. जवळजवळ सात महिने. चहा ते करायचे, वाईट करायचे. पहिले दिवस फार जड गेले. ठराव लिहिताना आम्ही तुम्हाला आठवलो का? नाही, सर. मग माझी पाळी: कुलूप तोडलं का नाहीत? भीती वाटली, ते म्हणाले. ज्या नियमासाठी सगळ्यांशी भांडलो तो पहिल्याच खेपेला मी मोडला तर उद्या माझं कोण ऐकेल, अशी भीती. ती म्हणत होती आणि मी ऐकलं नाही. हे ते एका दमात बोलले आणि मग त्या दिवशी पुढे प्रश्न झाले नाहीत. हळूहळू प्रश्न निवळत गेले. तिने तुम्हाला भावोजी कधीपासून म्हणायला सुरुवात केली? तिच्या घावनात ती काय घालायची, तुम्ही कधी बघितलंत का? मी बघितलं नव्हतं. त्यांनीही नव्हतं. आम्ही दोघांनी तीन सकाळी पीठ वाया घालवलं. तांदूळ वेगळा असावा, असा निष्कर्ष निघाला. संघाचा उल्लेख ते फारसा करत नसत. कात्रणांची वही त्यांनी मला देऊन टाकली होती.

शेवटी शेवटी एका सकाळी, मी चपला घालत असताना, त्यांनी दारातून विचारलं, "सेक्रेटरी, एक राहिलं. रकान्यात जागा नव्हती म्हणता. कागद तर खाली मोकळा होता. तळाची रेघ बोटभर खाली ओढली का नाहीत?"

पट्टी उचलून ठेवली होती म्हणून? सगळे रकाने एका उंचीचे दिसावेत म्हणून? मी म्हणालो, "उद्या सांगतो, सर. नीट विचार करून सांगतो." ते म्हणाले, "सावकाश. घाई नाही." त्या दुपारी ते झोपेतच गेले. खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. शेजारच्या बाई ताक द्यायला आल्या तेव्हा कळलं.

याला आता बरेच दिवस झाले. उत्तर मी शोधलं, आणि सापडलंही, म्हणजे जे काही आहे ते. रेघ खाली ओढायला पुन्हा सगळा कागद आखावा लागला असता, आणि मला जेवायला उठायचं होतं. एवढंच आहे ते. सांगायला लाज वाटते असं आहे, पण त्यांनी ते ऐकून घेतलं असतं आणि दुसरा कप भरला असता. सकाळी मी अजून वेळेवर उठतो, चहा करतो, खिडकीत बसतो. मला कुणी काही विचारत नाही.